कोणी, कधी, काय उघडलं

"आपल्या इमारतीची वेबसाइट कोणीही उघडत नाही," असं अध्यक्ष कमिटीच्या बैठकीत म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता, वर पंख्याकडे बघत. पंख्याने ते मनाला लावून घेतलं नाही. मी घेतलं.

ती वेबसाइट मी एकट्याने उभी केली होती, सहा आठवड्यांच्या संध्याकाळच्या कोर्सच्या बळावर. जिन्याखालच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाच्या स्विचबोर्डशेजारी एक जुना संगणक ठेवला, यालाच 'सर्व्हर' म्हणायचं असं सगळ्यांना बजावलं, आणि पाण्याच्या वेळा, सूचना, नियमावली असं सगळं त्यावर चढवलं. शोधायची चौकटसुद्धा ठेवली होती. त्या चौकटीसाठी मी दोन रविवार खर्ची घातले होते आणि घरातल्यांशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. घरातल्यांच्या ते लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

"बंद करून टाकू," अध्यक्ष पुढे म्हणाले. "फळा बरा. फळ्याला पासवर्ड लागत नाही."

माझ्या टकलावरून कोणी बोललं तर मी हसून सोडतो. पण हे मला झोंबलं. "लोक उघडतात," मी उभा राहून म्हणालो. "सिद्ध करून दाखवतो."

आता हे सिद्ध करणं वाटतं तितकं अवघड नाही. प्रत्येक सर्व्हर मुळातच एक रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, किती वाजता आलं, कुठलं पान मागितलं. तिला लॉग म्हणतात. ही रोजनिशी तशी मितभाषी असते, पण तिने काय काय लिहायचं ते आपल्याला ठरवून देता येतं. एका फाइलमध्ये एक ओळ असते. त्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे एक अक्षर टाकलं की एक गोष्ट नोंदली जाते, दुसरं अक्षर टाकलं की दुसरी. आमच्या इमारतीचं इंटरनेट एकच आहे आणि प्रत्येक घराला त्यात ठरलेला आकडा आहे. म्हणजे कोणत्या घरातून कोणी काय उघडलं हेही लिहून घेता येतं. एका ओळीचं काम. मी बैठकीत "एका ओळीचं काम" असं मोठ्याने म्हणालो, ही माझी पहिली चूक.

कारण ओळ एकच आहे म्हटल्यावर प्रत्येकाला त्या ओळीत काहीतरी घालायचं होतं. अध्यक्षांना माणूस पानावर किती वेळ थांबला ते हवं होतं, विशेषतः अध्यक्षांच्या मनोगतावर. चारशे चार नंबरात राहणारे दातांचे डॉक्टर तसे अबोल, पण तेही म्हणाले, वाचणाऱ्याचं वय टाका, वयानुसार हिरड्यांविषयी सूचना देता येतील. माझा मेहुणा प्रिंटर विकतो, म्हणजे आमच्या घराण्यात तोच संगणकतज्ज्ञ. त्याने फोनवर सांगितलं, "भावजी, सगळं टाका. जे टाकणार नाही तेच नेमकं पुढे लागतं." आणि सचिव, जे नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेत आणि ते कार्यालय त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचंय, ते म्हणाले, "शेरा. शेऱ्याचा रकाना हवाच."

"शेरा कोण लिहिणार?"

"सर्व्हर."

"सर्व्हरला मत नसतं हो."

"मग 'निरंक' असा शेरा लिहावा," सचिव म्हणाले.

ऑफिसची किल्ली सचिवांकडे. किल्लीसाठी अर्ज लागतो, आणि संगणकासंबंधी कोणताही अर्ज संगणक विभाग प्रमुखांच्या शिफारशीसह यावा असा आमच्याकडे ठराव आहे. विभाग प्रमुख मीच. मी स्वतःला अर्ज लिहिला, त्याची मनापासून शिफारस केली आणि दोन्ही ठिकाणी सही करून दिला. तीन दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'अर्जदार व शिफारसकर्ता यांच्या सह्यांत संशयास्पद साम्य आढळते. खुलासा व्हावा.' मी खुलासा केला. त्या खुलाशालाही शिफारस लागली.

अखेर एका रविवारी सकाळी किल्ली मिळाली. मी फाइल उघडली, टक्क्याची चिन्हं ओळीने मांडली. घराचा आकडा, वेळ, पान, शोधलेला शब्द, सर्व्हरचं उत्तर, लागलेला वेळ आणि शेवटी सचिवांच्या समाधानासाठी 'निरंक'. सगळं अवतरणचिन्हांत घातलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, कुलूप लावलं आणि वर येऊन अंघोळ केली.

पुन्हा चालू केला असं मी म्हणतो खरं, पण तो चालू झाला नव्हता. मी अवतरणचिन्ह उघडलं होतं, मिटवायचं राहिलं होतं. माणूस अशी चूक पोटात घालतो, बिचाऱ्याचं राहिलं असेल म्हणून पुढे जातो. सर्व्हर तिथेच अडून बसतो. मी तपासलं नाही कारण मला खात्री होती, आणि सोमवारी पाणी दहा ते पाच बंद राहणार ही सूचना फक्त वेबसाइटवर होती.

सोमवारी साडेदहाला जिन्यात जे लोक जमले त्यांतल्या चौघांच्या अंगाला साबण होता. अध्यक्षांच्या एका कानात फेस तसाच होता. अंगाभोवती टॉवेल घट्ट धरून ते मला म्हणाले, "एक कबूल करतो. लोक वेबसाइट उघडतात. आज सगळ्यांनी उघडली."

हे मला हवं असलेलं वाक्य होतं, पण असं नको होतं.

संध्याकाळी मी चिन्ह मिटवलं. शिवाय पुन्हा असं होऊ नये म्हणून एक छोटा प्रोग्रॅम घरच्या संगणकावर बसवला. तो सर्व्हरला दर दहा सेकंदांनी 'चालू आहेस ना?' असं विचारत राहायचा. काळजी, दुसरं काही नाही. आठवड्याने लॉग काढला तर साठ हजारांवर नोंदी. मी तो आकडा फळ्यावर खडूने लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. अध्यक्षांनी येऊन हात मिळवला. सचिवांनी छापील प्रत मागितली. दोन दिवस मी जिन्यात जरा हळू चालत होतो, भेटणाऱ्यांना अभिनंदन करायला वेळ मिळावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी सहाशे दोनमधल्या बाई मला फळ्यापाशी गाठून म्हणाल्या, "सचिवांकडची प्रत घेऊन तुमचा आकडा तपासला मी." या बाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्या एकट्याच राहतात आणि इमारतीतल्या कुठल्याही लेखी मजकुराकडे अजूनही लाल पेन घेऊन बघतात. "यातल्या साठ हजार चारशे ऐंशी नोंदी तुमच्याच घरातल्या आहेत. बरोब्बर दहा-दहा सेकंदांनी. तुम्हाला झोप लागत नाही का?"

मी आकडा पुसला. रेघा मात्र नीट पुसल्या गेल्या नाहीत. आकड्याशिवायच्या दोन रेघा पुढे महिनाभर तिथे होत्या.

तरीही पाचशेच्या आसपास खरे वाचक उरले, आणि तेही काही कमी नव्हते, असं मी घरी बोलून दाखवलं. ही म्हणाली, "मग आता थांबा की." पण तोवर विषय माझ्या हातात राहिला नव्हता. सचिवांनी जाहीर केलं होतं की संस्थेची प्रत्येक नोंदवही सभासदांना पाहायला खुली हवी, सबब लॉगही दर सोमवारी सूचना फलकावर लागेल. वीस-वीस पानं टाचण्या मारून लागू लागली. लोक चष्मे पुसून वाचू लागले.

कुठला रकाना कशाचा ते त्यावर लिहिलेलं नसायचं, आणि त्यांना जागोजागी एकच आकडा दिसू लागला. ४०४. नियमावलीसमोर ४०४, पुन्हा नियमावली, पुन्हा ४०४. एका आठवड्यात चौऱ्याऐंशी वेळा.

"दातांचे डॉक्टर," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. "दिसायला किती गरीब!"

"चौऱ्याऐंशी वेळा नियमावली पाहणारा माणूस पळवाट शोधत असतो," सचिव म्हणाले. "मी नोकरीत असे बघितलेत."

वास्तविक ४०४ म्हणजे 'मागितलेलं पान सापडलं नाही' असं सर्व्हरचं उत्तर असतं. जगातले सगळे सर्व्हर हेच उत्तर देतात, त्यांचा आमच्या डॉक्टरांवर राग नाही. नियमावलीचं पान मी मागच्या महिन्यात दुसरीकडे हलवलं होतं आणि तिथे नेणारी जोडणी, म्हणजे लिंक, बदलायची विसरलो होतो. म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा निरनिराळ्या घरांतल्या लोकांनी माझ्या चुकीवर बोट ठेवलं होतं. हे सांगायचं म्हणजे साबणाचं प्रकरण ताजं असताना पुन्हा तोंड दाखवायचं. मी विचार केला, दोन दिवसांत जोडणी गुपचूप दुरुस्त करू, ४०४ कमी होतील, लोकांना वाटेल डॉक्टर सुधारले. माझ्या मनाचा हा कोपरा मलाही नवीन होता.

फक्त एक अडचण होती. गुरुवारी माझी त्याच डॉक्टरांकडे दाढ भरायची वेळ ठरलेली होती.

मी खुर्चीत आडवा, तोंडात कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. डॉक्टरांनी यंत्र चालू केलं, मग बंद केलं. "एक विचारू? जिन्यात लोक माझ्याकडे असं का बघतात?"

"आ आई," मी म्हणालो. मला 'माहीत नाही' म्हणायचं होतं.

"अध्यक्ष मला म्हणाले, 'डॉक्टर, नियमांत राहूनही सुखाने जगता येतं.' मी म्हटलं, मी तर वेबसाइट उघडतच नाही. तर ते जास्तच दुखावले. म्हणाले, 'माझं मनोगतही नाही?'" त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. "तुम्हाला यातलं कळतं. ४०४ म्हणजे माझंच घर ना?"

त्या यंत्राचा आवाज सच्चेपणाला फार पोषक आहे. मी हात वर केला, बोळे काढले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरं. आ करा." दाढ त्यांनी उत्तम भरली. मात्र भूल द्यायचं त्यांच्या जरासं उशिराच लक्षात आलं.

संध्याकाळी मी फळ्यावर जाहीर खुलासा लिहिला. सहाशे दोनच्या बाईंनी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या.

इथे हे संपायला हवं होतं. पण लॉगमध्ये शोधलेले शब्दही छापले जातात, हे आता लोकांच्या नजरेस आलं होतं. पहिल्या आठवड्यात लोक लाजले. पाचशे एकमधून 'अध्यक्ष बदलण्याची पद्धत' हे चौदा वेळा शोधलं गेलं होतं आणि पाचशे एकमध्ये अध्यक्षांचे सख्खे साडू राहतात. आमच्या घरातून 'सर्व्हर कायमचा बंद कसा करावा' असं कोणीतरी शोधलं होतं. मी तेव्हा कामावर होतो. हिने विषय बदलला.

दुसऱ्या आठवड्यात मात्र लोकांची भीड चेपली. शोधाच्या चौकटीत काहीही लिहिलं तरी ते सोमवारी फलकावर घराच्या नंबरासह छापून येतं, म्हणजे मग बोलायला समोर जायचं कशाला? 'तीनशे तीन, तुमच्या कपड्यांचं पाणी आमच्या कुंड्यांत पडतं.' पुढची ओळ, तीनशे तीनची, 'कुंड्यांना पाणी लागतंच.' त्यापुढे सर्व्हरचं उत्तर, ४०४, सापडलं नाही. त्यापुढे शेरा, निरंक. भांडणं आता या थाटात चालू लागली. एकाने हरवलेला मोजा शोधला, त्याला खरोखरच मिळाला. अध्यक्षांनी स्वतःच 'अध्यक्षांचं काम समाधानकारक आहे का' असं शोधून पाहिलं. सर्व्हर म्हणाला, सापडलं नाही. वेबसाइट बंद करण्याचा विषय कोणी काढेना. सूचना मात्र अजूनही कोणी वाचत नव्हतं.

या सगळ्यात सहाशे दोनच्या बाईंची नोंद तेवढी वेळ पाळून यायची. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्या कोणाशी भांडत नसत, फक्त आदल्या दिवसाच्या सूचनेतलं शुद्धलेखन तपासत. 'पाणि नव्हे, पाणी.' 'बंद राहील, राहिल नाही.' आता फलकाची वाट न बघता मी रोज कामावर जाण्याआधी लॉगवर नजर टाकायचो, आणि पहिल्यांदा हीच ओळ बघायचो. कान धरल्यासारखं व्हायचं, पण दिवस सुरू झाल्यासारखंही व्हायचं.

एका मंगळवारी ती ओळ आली नाही.

सव्वासात झाले, आठ झाले. मी मुद्दाम फाइल पुन्हा उघडून पाहिली. अवतरणचिन्हं जागच्या जागी होती. पावणेनऊला मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मग लॉगकडे काय बघत बसलाय? वर जा!"

वर बेल वाजवली, उत्तर नाही. फोन केला तर आतच वाजला. माझ्या हाका ऐकून अध्यक्ष आले, सचिव आले, दवाखान्यात निघालेले डॉक्टर पेटीसह आले. अध्यक्ष म्हणाले दार तोडू. सचिव म्हणाले, "दार सभासदाच्या मालकीचं आहे. तोडण्यासाठी सभासदाचा अर्ज लागेल."

"सभासद आत आहे!"

"मग दाराखालून कोरा कागद सरकवू."

डॉक्टरांनी पेटी उघडली, कुलपात आरसा घालून पाहिलं आणि एक बारीक आकडी आत घातली. "वेळेवर यायला हवं होतं," ते सवयीने पुटपुटले. आकडी तुटली. मग अध्यक्षांनी आणि मी एकदम खांदा दिला आणि दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. दारावर आम्ही.

घरात कोणी नव्हतं. अंथरूण नीट आवरलेलं, ओट्यावर एकच कप पालथा घातलेला. आम्ही स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, सचिवांनी तर कपाटही उघडून पाहिलं. आणि पाठीमागून आवाज आला, "चपला बाहेर काढायच्या असतात."

बाई हातात पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आम्ही चौघे मोठे बाप्ये खाली वाकून चपला काढू लागलो. ज्या दाराबाहेर त्या ठेवायच्या, ते दार आमच्या पायांखाली होतं.

"चष्म्याची दांडी तुटली रात्री," बाई म्हणाल्या. "चष्म्याशिवाय मला ती अक्षरं दिसत नाहीत. दुकान उघडायच्या आधी जाऊन बसले होते. तुम्ही सगळे इथे कसे?"

"आपली आजची नोंद आली नाही," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज मला कार्यालयीन वाटला नाही.

बाईंनी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसत राहिल्या. चष्मा नुकताच दुकानातून आलेला, लख्ख होता. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग, "दार आज संध्याकाळपर्यंत बसलं पाहिजे."

बसलं. सुताराला मदत करताना अध्यक्षांच्या बोटावर हातोडी पडली, ती मीच मारली.

त्या आठवड्यात तातडीची सभा झाली. लॉगमधून घरांचे आकडे आणि शोधलेले शब्द काढून टाकायचे असं एकमताने ठरलं. तिथेच, सगळ्यांसमोर, मी फाइल उघडली. माझ्या मागे अकरा माणसं उभी होती आणि प्रत्येक जण माझ्या कानात तेच सांगत होता, की इतरांचं काढा, माझं राहू दे. मी सगळ्यांचं काढलं. टक्क्याची चिन्हं एकेक करून पुसली तेव्हा मला, का कोण जाणे, घर रिकामं करताना वाटतं तसं वाटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझं राहू द्या."

"एका सभासदासाठी वेगळा नियम करता येत नाही," सचिव म्हणाले.

"मग नियम करा. मी एकटी राहते. रोज सकाळी लिहीन. नाही लिहिलं तर या. आधी दोनदा बेल वाजवा. दुसरी किल्ली डॉक्टरांकडे ठेवली आहे, त्यांचं हत्यार वाया जायला नको."

मग सचिवांनी वही पुढे ओढली आणि नियम लिहायला घेतला. त्याला अध्यक्षांनी अनुमोदन दिलं, बांधलेलं बोट वर करून. मी फाइलमध्ये एक अट घातली, की घर सहाशे दोन असेल तर सगळं लिही, बाकी कोणाचं काही लिहू नकोस. अट अवतरणचिन्हांसकट पहिल्या फटक्यात चालली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दोनदा सांगूनही.

आता लॉग अगदी शांत असतो. पान, वेळ, उत्तर. मधेच सकाळी सात-दहाला एक पूर्ण ओळ. बहुतेक वेळा माझी एखादी वेलांटी असते.

परवा मात्र वेगळंच लिहिलेलं दिसलं. 'आज सुधारण्यासारखं काही नाही. गेले दोन दिवस सूचनाही नाही. तुम्ही बरे आहात ना?'

दोन दिवस मी तापाने झोपून होतो. सूचना लिहायला उठलोच नव्हतो. मी ती ओळ वाचली आणि उत्तर द्यायला बोटं पुढे केली, तेव्हा लक्षात आलं की लॉगमध्ये उत्तर देता येत नाही. तो फक्त लिहून घेतो. इतके महिने खपून मी जे काही उभं केलं होतं, त्यात एका माणसाला 'बरा आहे' एवढं कळवायची सोय नव्हती. बाईंचा फोन लावला, तो व्यस्त.

"कुठे निघालात तापात?" हिने विचारलं.

"वर."

सहाव्या मजल्यापर्यंत जिना चढलो. पाचव्यावर दोन मिनिटं कठडा धरून थांबलो. नियमाप्रमाणे दोनदा बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, हातात फोन तसाच.

"बरा... आहे..." मी म्हणालो.

"तुमच्याच घरी लावत होते," बाई म्हणाल्या. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आधी श्वास घ्या. मग परत सांगा, एका दमात."